हँड क्रॉसबोवाला एकटाच सगळं मारतो, टेबलवर समतोल कसा आणायचा?

वनाज_डीएम

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिका-खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. वनाजला दर रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन खेळ असतो. पाच खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलला, आकडे २७ पॉइंटांच्या पॉइंट बायने (ठरलेले पॉइंट वाटून) घेतलेले. एक ढाल-तलवारवाला फायटर, एक पॅलाडिन, एक विझर्ड, एक क्लेरिक.

पाचवा आहे व्हेरिअंट ह्यूमन (पहिल्याच लेव्हलला फीट, म्हणजे खास कौशल्य, मिळणारा माणूस) फायटर, हँड क्रॉसबो (छोटं यांत्रिक धनुष्य) घेऊन. पहिल्या लेव्हलला क्रॉसबो एक्स्पर्ट (जादा बोल्ट, म्हणजे बाण, देणारी फीट), चौथ्याला शार्पशूटर (हिटला −५ घेऊन डॅमेजला +१० देणारी फीट), शिवाय आर्चरी स्टाइल. दर राउंडला तीन बोल्ट, प्रत्येकावर दहाचं जादा डॅमेज. गेल्या रविवारी तलवारवाला म्हणाला, "मी काय नुसती ढाल धरून उभा राहायचं का?"

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चालू मोहिमेत शार्पशूटर बंद करणं योग्य का? न सांगता राक्षसांचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) किंवा हिट पॉइंट (जीव) वाढवले तर? आणि हा खेळाडू फासा पडल्या पडल्या उचलतो. खोटं बोलतो असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण बाकीच्यांच्या मनात शंका बसली आहे. हे कसं हाताळायचं?

गणित_आधी

आधी आकडे मांडू, म्हणजे दरी नेमकी किती ते कळेल. क्रिटिकल (२० पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडून देतो.

क्रॉसबोवाला: डेक्स (चपळाई) १६ चे +३, प्रोफिशियन्सी (सराव) +३, आर्चरी +२, म्हणजे हिटला +८. समोर एसी १५ असेल आणि −५ घेतले तर वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर लागतो, म्हणजे ४५ टक्के. लागला की सरासरी १६.५. तीन बोल्टचे मिळून राउंडला साधारण २२.३.

तलवारवाला: स्ट्रेंग्थ १८, ड्युएलिंग स्टाइल, हिटला +७. त्याच एसीवर ६५ टक्के, लागला की १०.५, दोन वार. राउंडला १३.७.

आता एसी १८ करा. क्रॉसबो १४.९ वर येतो, तलवार १०.५ वर. एसी २० केला तर ९.९ आणि ८.४. म्हणजे एसी वाढवून दरी बुजते हे खरं, पण तोवर तलवारवाल्याचे दहापैकी सहा वार हुकायला लागतात आणि पॅलाडिनचीही तीच गत होते. जो आधीच नाराज आहे त्यालाच तुम्ही आणखी रिकामा बसवता. हिट पॉइंट वाढवून तर काहीच साधत नाही. दोघांतलं प्रमाण तेच राहतं, लढाई मात्र लांबते.

न सांगता बदल करण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: करू नका. जो खेळाडू इतका हिशोब करून कॅरेक्टर बांधतो, त्याला दोन सेशनमध्ये समोरचा एसी ओळखू येतो. मग तो तुमच्यावरच विश्वास ठेवणार नाही.

नियमवाचक

बंदी घालायच्या आधी तो नियम नीट वापरतोय का ते बघा. निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो.

बोनस अ‍ॅक्शनचा (पाळीतल्या जादा छोट्या कृतीचा) तिसरा बोल्ट फक्त अटॅक अ‍ॅक्शन घेतली तरच मिळतो. डॅश केलं (जादा धावलं) किंवा पोशन प्यायलं की तो गेला. अ‍ॅक्शन सर्ज (पाळीत एक जादा अ‍ॅक्शन) वापरला तरी बोनस अ‍ॅक्शन एकच असते, म्हणजे बोल्ट पाच, सहा नव्हेत. सहा मोजणारे बरेच असतात.

क्रॉसबो एक्स्पर्टमुळे लोडिंगची (एका अ‍ॅक्शनला एकच बोल्ट) अट जाते, बोल्ट भरायला हात मोकळा लागतो ही अट जात नाही. त्यामुळे एका हातात क्रॉसबो नि दुसऱ्यात ढाल, किंवा दोन हातांत दोन क्रॉसबो, असं धरून एका बोल्टनंतर पुढे भरता येत नाही. मशालही हातात धरता येत नाही, हे लक्षात ठेवा.

−५ घेणार की नाही हे फासा टाकायच्या आधी सांगायचं. फासा १७ आला आणि मग "शार्पशूटर धरा" म्हटलं, तर तो नियमभंग आहे. मुद्दाम केलेला असो वा सवयीने, खपवून घेऊ नका.

बोल्टही मोजायला लावा. चार राउंडांच्या लढाईत बारा जातात. नंतर मिनिटभर शोधलं की वापरलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात. वीसचा भाता तीन लढायांत तळाला लागतो.

फासे_आणि_परात

फाशांबद्दल. त्याला एकट्याला सांगितलंत तर तो आरोप होतो, सगळ्या टेबलला सांगितलंत तर तो टेबलचा नियम होतो. तुमचे स्वतःचे फासेही त्यात धरा.

स्टीलच्या छोट्या परातीत तळाला फेल्ट चिकटवा. नुसत्या स्टीलवर फासा उडतो आणि आवाजाने डोकं उठतं. परात टेबलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. पडलेला फासा परातीत तसाच ठेवायचा, तुम्ही आकडा मोठ्याने वाचेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. परातीबाहेर गेला किंवा कडेला तिरका टेकला तर पुन्हा टाकायचा, आकडा चांगला असो वा वाईट. कोणावर वार आणि कशाने, हे टाकायच्या आधी बोलायचं. नियमवाचक यांनी सांगितलेला −५ चा मुद्दा यातच सुटतो.

कोणी म्हणेल फासाच खोटा आहे, शंभरदा टाकून बघू. डी२० (वीस बाजूंचा फासा) शंभरदा टाकला की प्रत्येक आकडा सरासरी पाचदा अपेक्षित असतो, पण चांगल्या फाशावरही एखादा आकडा दहादा येणं नवलाचं नाही. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी परातीतले सामाईक फासे वापरावेत, विषय मिटतो.

वनाज_डीएम

सहा बोल्ट आम्हीही मोजत होतो! आणि हो, −५ बऱ्याचदा नंतर सांगितले जातात. परात या रविवारपासून.

मैदानावर काय बदलता येईल? धुकं किंवा अंधार वापरावा असा विचार आहे.

नियमवाचक

धुक्यात बहुतेक डीएम फसतात. दाट धुक्यात दोघांनाही एकमेक दिसत नाहीत. न दिसणाऱ्यावर वार म्हणून डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे, कमी तो धरायचा), आणि वार करणाराही दिसत नाही म्हणून अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे, जास्त तो धरायचा). दोन्ही एकमेकांना खातात आणि साधा एकच फासा पडतो. म्हणजे धुकं आणून तुम्ही क्रॉसबोवाल्याचं काहीच कमी करत नाही. विझर्डचं मात्र नुकसान, कारण त्याच्या बऱ्याच स्पेलना समोरचा दिसावा लागतो.

अंधाराचं वेगळं आहे, कारण तो एकतर्फी असतो. ह्यूमनला डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) नाही, गॉब्लिन राक्षसांना साठ फुटांपर्यंत आहे. विझर्डचा लाइट कॅन्ट्रिप (उजेडाची साधी जादू) वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट मंद उजेड देतो. पन्नास फुटांवरचे गॉब्लिन अंधारात राहून तुमच्या उजेडातल्या लोकांवर बाण सोडतात. क्रॉसबोवाल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज, गॉब्लिनना अ‍ॅडव्हान्टेज. हे जीवघेणं ठरू शकतं, म्हणून पहिल्यांदा तीन-चारच तिरंदाज ठेवा.

अर्धी आड (निम्मं शरीर झाकणारा अडथळा) शार्पशूटरला अडवत नाही, पाऊण आडही नाही. पूर्ण आड अडवते. खांब, जिन्याचं वळण, बंद होणारं दार असं ठेवा. आणि हुशार शत्रूला जमिनीवर आडवं पडू द्या. पाच फुटांपलीकडून आडव्यावर नेम धरला की डिसअ‍ॅडव्हान्टेज. त्याचे ४५ टक्के सुमारे २० वर येतात, राउंडचं डॅमेज १० वर. तलवारवाल्याला मात्र जवळ जाऊन त्याच आडव्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, त्याच्या ६५ चे जवळपास ८८ होतात. पण हे तीनांतून एखाद्या लढाईतच. दर वेळी शत्रू लोळण घ्यायला लागले तर तो खेळाडूला दिलेला उघड दंड होईल, आणि त्याने तर काहीच गैर केलेलं नाही.

गणित_आधी

विश्रांतीचंही बघा. दहा ते दोन म्हणजे बहुधा एकच मोठी लढाई आणि मग लाँग रेस्ट (खर्च झालेली ताकद भरून देणारी रात्रीची विश्रांती). पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (स्पेल वापरायच्या संधी) असतात. सगळे स्माइटमध्ये (स्लॉट खर्चून वाराला जादा डॅमेज) घातले तर सरासरी ६३ जादा डॅमेज. एकच लढाई असेल तर ते सगळं तिथेच ओतलं जातं. आज पॅलाडिनची तक्रार नाही, पण क्रॉसबोवाला आटोक्यात आला की पुढची तक्रार हीच येणार. पुस्तकातला दिवस सहा ते आठ लढायांचा आहे. तेवढ्या रविवारी होणार नाहीत, पण खेळातला एक दिवस दोन-तीन रविवारांवर पसरवता येतो. सेशन संपलं म्हणून लाँग रेस्ट मिळाला, असं धरू नका. कोणाचे किती स्लॉट उरले ते दोनला उठताना कागदावर लिहून घ्या.

शार्पशूटर बंद करण्याबद्दल: करायचंच असेल तर त्याच्याशी सेशनबाहेर, निवांत बोला आणि फीट बदलून घ्यायची मुभा द्या. २०२४ च्या पुस्तकात या फीटमधले −५ आणि +१० काढूनच टाकले आहेत. ते काढले की त्याची राउंडची सरासरी १३.७ येते, म्हणजे तलवारवाल्याइतकीच. नियम लावला तर ग्रेट वेपन मास्टरलाही (मोठ्या शस्त्रांची तशीच −५/+१० ची फीट) लावा, नाहीतर एकाच माणसाला धरल्यासारखं होईल.

पण मी आधी दुसरं करून बघेन. कोणाचं काढून घेण्यापेक्षा तलवारवाल्याला फ्लेम टंग (पेटणारी जादूची तलवार) मिळू द्या. पेटवली की प्रत्येक वाराला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आगीचं डॅमेज जादा, म्हणजे त्याचे १३.७ चे साधारण २२.८ होतात. क्रॉसबोच्या बरोबरीला आला. शिवाय पेटलेली तलवार चाळीस फूट लख्ख आणि पुढे चाळीस फूट मंद उजेड देते. अंधारातल्या त्या लढाईत क्रॉसबोवाल्याला पन्नास फुटांवरचा गॉब्लिन दिसेल तो तलवारवाल्यामुळेच. पेटवायला एक बोनस अ‍ॅक्शन जाते, ती पहिल्या राउंडला धरा.

वनाज_डीएम

हे दोघांनाही आवडेल. पुढच्या रविवारी अंधारी गुहा, चार गॉब्लिन तिरंदाज, आणि तलवार गुहेच्या तोंडाशीच ठेवतो.

नियमवाचक

फ्लेम टंगला अ‍ॅट्यूनमेंट (जादूच्या वस्तूशी जुळवून घेणं) लागते, त्यासाठी एक शॉर्ट रेस्ट. गुहेच्या तोंडाशी ठेवलीत तर आत शिरायच्या आधी त्यांना तासभर बसावं लागेल. तो तास मिळेल अशी सोय करा.