नाशिक जिल्हा परिषद, महापालिकेला माल पुरवायचाय: निविदा शोधायच्या कुठे आणि बाद न होता भरायच्या कशा?

पत्रा_पाईप (अंबड)

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं लहान युनिट आहे. शाळेचे ड्युअल डेस्क, लोखंडी कपाटं, रॅक, दवाखान्याच्या खाटा बनतात. सगळा माल खासगी शाळा आणि हॉस्पिटलांना जातो, सरकारी ऑर्डर एकही नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणून आहे, जीएसटी आहे, तीन वर्षांचे ताळेबंद तयार आहेत. उलाढाल सव्वा कोटीच्या आत.

विचारायचंय ते असं:
१. जिल्हा परिषद, महापालिका, आश्रमशाळा यांच्या निविदा वेळेत कळाव्यात म्हणून नेमकं कुठे बघायचं?
२. "शासकीय पुरवठ्याचा अनुभव" मागतात. पहिलीच ऑर्डर नाही तर अनुभव कुठून दाखवायचा?
३. दर काढताना नेहमीच्या खर्चाव्यतिरिक्त काय धरायचं? पैसे किती अडकतात?

गोदाकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. राज्य सरकारच्या जवळपास सगळ्या कार्यालयांच्या निविदा महाटेंडर्स पोर्टलवर येतात. शोधायला लॉगिन लागत नाही. "संस्थेनुसार निविदा" मध्ये जाऊन जिल्हा परिषद, महापालिका, आदिवासी विकास असं एकेक उघडून बघा. फक्त शब्द टाकून शोधलंत तर निम्म्या निविदा निसटतील, कारण शीर्षक कोणी मराठीत लिहितं, कोणी इंग्रजीत, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी. बेंच, डेस्क, बाक, फर्निचर, आसन व्यवस्था, शालेय साहित्य हे सगळे शब्द दोन्ही लिप्यांत टाकून पाहावे लागतात. आठवड्यातून दोन ठरलेले वार ठेवा, कारण फेरनिविदा किंवा अल्पमुदतीची सूचना असली की हातात जेमतेम आठवडा उरतो.

दुसरी जागा जेम, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन खरेदी पोर्टल. महाराष्ट्राने ते २०१७ मध्ये स्वीकारलं. तिथे छोट्या रकमेची खरेदी थेट होते, त्यावरची तीन उत्पादकांचे दर तुलना करून, आणि त्याहून मोठी असेल तर बोली लागते. वस्तूचं पान बारकाईनं भरा. पाईपची जाडी, टॉपचं माप, पावडर कोटिंग यातला एक रकाना चुकला तरी खरेदीदाराने लावलेल्या चाळणीत तुमचा माल दिसतच नाही. माल कुठल्या पिनकोडपर्यंत पोचवणार तेही तिथेच ठरतं. नाशिक शहराचेच पिनकोड टाकले असतील तर कळवणच्या कार्यालयाला तुम्ही दिसणार नाही.

बाक घेणारे कोण कोण, तेही आधी लिहून काढा. जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, समाजकल्याण, महापालिकेचं शिक्षण खातं, नगरपरिषदा, मालेगावची वेगळी महापालिका, वित्त आयोगाच्या निधीतून घेणाऱ्या ग्रामपंचायती, आमदार-खासदार निधी. आदिवासी विकास आयुक्तालय तर नाशिकातच आहे, खाली नाशिक आणि कळवणची प्रकल्प कार्यालयं आहेत. रुग्णालयाच्या खाटांचा मार्ग थोडा वेगळा. सरकारी दवाखान्यांच्या मोठ्या खरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने राज्याचं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झालं आहे, म्हणून खाटांसाठी फक्त जिल्ह्यावर नजर ठेवून भागत नाही.

आणि निविदा निघण्याआधीच मागणी कळते. बरीचशी खरेदी जिल्हा वार्षिक योजनेतून होते. आधी जिल्हा नियोजन समितीची तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा. जिल्हा परिषदेला हा निधी त्या वर्षी आणि पुढच्या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत खर्चता येतो, त्यामुळे डिसेंबर ते मार्च हा खरा हंगाम. प्रशासकीय मान्यता कशाकशाला मिळाली हे संबंधित विभागात विचारता येतं. नाही सांगितलं तर माहिती अधिकारात १० रुपये लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

लिफाफा_क्रमांक_एक

गोदाकाठ यांच्याशी सहमत. पण नवे पुरवठादार दरात हरतात त्याहून जास्त तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधी पात्रतेचे कागद तपासतात त्यात, बाद होतात, म्हणून ते सविस्तर लिहिते.

वर्ग ३ ची डिजिटल सही घ्या, स्वाक्षरी आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. वर्ग २ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. सही ज्याच्या नावाची आहे त्याच्याच नावाचं अधिकारपत्र हवं. भागीदारी संस्था असेल आणि सही एका भागीदाराची असेल तर बाकी भागीदारांच्या सह्यांचं अधिकारपत्र नसल्यास निविदा बाद होते.

उलाढालीचं सीए प्रमाणपत्र यूडीआयएन क्रमांकाशिवाय (सीए प्रत्येक प्रमाणपत्राला घेतो तो वेगळा ओळख क्रमांक) चालत नाही. क्रमांक ऑनलाइन पडताळता येतो आणि तो पडताळतातही. ताळेबंदातला आकडा, प्रमाणपत्रातला आकडा आणि जीएसटी विवरणपत्रातला आकडा जुळतो का, ते आधी स्वतः पाहा.

आता दरपत्रकाची एक्सेल फाइल, म्हणजे बीओक्यू. पोर्टलवरून उतरवलेल्या फाइलचं नाव बदलायचं नाही, मॅक्रो चालू करूनच उघडायची, फक्त रंगीत रकाने भरायचे आणि त्याच स्वरूपात जतन करायची. नाव बदललं किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून जतन केलं की पोर्टल ती स्वीकारत नाही, आणि ते कळतं शेवटच्या तासाला. शुद्धिपत्रक निघालं असेल तर बीओक्यू बदललेली असू शकते, म्हणून भरण्याच्या दिवशी ती पुन्हा उतरवा. दराचा रकाना जीएसटीसह आहे की वगळून, हे त्या रकान्याच्या शीर्षकात वाचा. लोखंडी फर्निचरवर १८ टक्के आहे. इथे चूक झाली तर एकतर तुमचा दर १८ टक्क्यांनी चढतो, नाहीतर काम मिळून सगळा नफा करात जातो.

ईएमडी, म्हणजे निविदेसोबतची बयाणा रक्कम, एनईएफटीने भरणार असाल तर चलन किमान दोन दिवस आधी काढा. रक्कम पैशापर्यंत तीच हवी आणि त्या चलनावरच्या खात्यातच जायला हवी. मुदतीच्या दिवशी दुपारी भरलेली एनईएफटी पोर्टलवर वेळेत जुळेलच असं नाही.

सगळं अपलोड झालं की "फ्रीझ बिड" दाबा. ते न दाबता बाहेर पडलात तर निविदा भरलीच गेली नाही, कागद वर दिसत असले तरी. पावतीवरचा बिड क्रमांक हाच पुरावा. वेळ पोर्टलच्या घड्याळाची मोजतात. मुदतीपर्यंत निविदा सुधारून पुन्हा भरता येते, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघण्यात काहीच फायदा नाही.

पत्रा_पाईप (अंबड)

खूप उपयोगी. उद्यम असल्यावर ईएमडी आणि अनुभव दोन्ही माफ होतात असं ऐकलंय, ते खरं का? आणि लहान खरेदीसाठी एकाने सुचवलं की ओळखीच्या दोन फर्मची दरपत्रकं आपणच आपल्याबरोबर द्यायची. असं चालतं का?

लिफाफा_क्रमांक_एक

दुसरं आधी. अजिबात करू नका. ठरवून दिलेली दरपत्रकं म्हणजे बोलीतलं संगनमत, स्पर्धा कायदा २००२ चं उल्लंघन ठरून दंड होऊ शकतो आणि फर्म काळ्या यादीत जाऊ शकते. तिन्ही दरपत्रकांत एकच टंक, एकच स्पेलिंगची चूक, एकाच बँक शाखेचा पत्ता, हे लेखापरीक्षणात लगेच पकडलं जातं. पकडलं जातं तेव्हा ऑर्डर देणारा कारकूनही अडकतो आणि तुमचं नाव त्या कार्यालयात कायमचं खराब होतं.

सवलतींचं असं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २०१२ चा सार्वजनिक खरेदी आदेश केंद्र सरकारची खाती आणि केंद्रीय उपक्रम यांना लागू आहे. त्यात निविदा संच मोफत, ईएमडी माफ, २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून, आणि तुमचा दर सर्वात कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो दर स्वीकारून काही भाग मिळवण्याची संधी आहे. नाशिकला हे गिऱ्हाईक भरपूर आहे: नाशिकरोडचे दोन्ही छापखाने, ओझरचं एचएएल, देवळालीची लष्करी आस्थापना, रेल्वे. पहिला सरकारी अनुभव कमवायला हाच रस्ता सोपा. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या निविदेत मात्र सवलत स्पष्ट लिहिली असेल तरच धरा, नाहीतर ईएमडी भरा. ती हरल्यावर परत येते, तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेली निविदा परत येत नाही.

एक गोष्ट नीट तपासा. उद्यम प्रमाणपत्रावर तुमची नोंद उत्पादन म्हणून आहे ना? जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम मिळतं, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं. व्यापारी नोंद असेल तर खरेदीतली सवलत मिळत नाही.

अनुभवाच्या अटीबद्दल: "शासकीय/निमशासकीय" लिहिलंय की "शासकीय/निमशासकीय/नामांकित संस्था" ते पाहा. दुसरं असेल तर खासगी शाळांचा अनुभव चालतो, पण नुसती ऑर्डर जोडून भागत नाही. ऑर्डरसोबत "समाधानकारक पुरवठा केला" असं दिनांक आणि रकमेसह पत्र हवं. अट अवास्तव वाटली तर निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी प्रश्न पाठवा. तोंडी बोललेलं कुठेच नोंदत नाही.

लेखाशीर्ष

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण इथेच माणसं बुडतात.

तपशील आधी वाचा. २५ बाय २५ चा चौकोनी पाईप १.२ मिमी जाडीचा असेल तर मीटरला साधारण ९०० ग्रॅम, १.६ मिमीचा असेल तर जवळपास १ किलो १८० ग्रॅम. एका डेस्कला १२ मीटर पाईप धरला तर फरक सव्वातीन किलोच्या वर. ५०० डेस्कला दीड टनाहून जास्त लोखंड. निविदेत १६ गेज (१.६ मिमी) लिहिलेलं असताना सवयीने १८ गेजचा (१.२ मिमी) हिशेब धरला की दर सर्वात कमी येतो, ऑर्डर मिळते, आणि नमुना तपासणीत काटा-व्हर्नियर लागल्यावर माल परत. तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेची असेल तर शुल्क कोणाचं, तेही अटींत असतं. बहुधा पुरवठादाराचंच.

पोहोच कुठे? "पंचायत समिती स्तरावर" आणि "शाळा स्तरावर" यात खर्चाचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिल्ह्यात १५ तालुके. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या वाड्यावस्त्यांवर मोठा ट्रक जात नाही, पिकअप लावावी लागते आणि एका फेरीत डेस्क किती बसतात ते मोजून दर काढावा लागतो. ६० शाळा असतील तर ६० पोच पावत्या, प्रत्येकीवर मुख्याध्यापकांची सही, शिक्का, दिनांक आणि साठा नोंदवहीचा अनुक्रमांक. एकही कमी असली तर सगळं देयक टेबलावर थांबतं. मार्चमध्ये ऑर्डर मिळाली आणि माल मे महिन्यात तयार झाला तर शाळांना कुलूप, जूनच्या मध्यापर्यंत सही करायला कोणी नाही. तोवर पुरवठ्याची मुदत संपून विलंब दंड सुरू होतो. सुट्टी सुरू होण्याआधीच मुदतवाढीचा लेखी अर्ज आवक क्रमांकासह द्या.

आता पैसे. समजा ऑर्डर ८ लाखांची, अधिक १८ टक्के जीएसटी १ लाख ४४ हजार. करार अडीच लाखांच्या वर असल्यामुळे करपात्र रकमेवर २ टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे १६ हजार कापले जातात. हे पैसे जात नाहीत, पण जीएसटी पोर्टलवर टीडीएस क्रेडिटच्या पानात जाऊन तुम्ही ते स्वीकारल्याशिवाय रोख खतावणीत येत नाहीत. पुष्कळ जण तिथे जातच नाहीत. सुरक्षा अनामत ५ टक्के असेल तर ४० हजार हमी काळ संपेपर्यंत अडकले. बिल फाडलं की त्या महिन्याचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, देयक निघो न निघो. आणि ८ लाख चार महिने अडकले तर १२ टक्के व्याजाने ३२ हजार, म्हणजे ऑर्डरच्या ४ टक्के. हे दरात धरलं नाही तर नफा कागदावरच राहतो.

कायद्याने लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सुविधा परिषदेकडे (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद बघते ती) तक्रार करता येते. तो शेवटचा उपाय ठेवा. आधी देयक कुठे थांबलंय ते शोधा: विभागात, लेखा व वित्त विभागात, की निधीच आलेला नाही. ऑर्डर स्वीकारण्याआधी एवढं विचारा की निधी बीडीएसवर (सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर) उपलब्ध आहे का, की फक्त मान्यता आहे.

गोदाकाठ

लेखाशीर्ष यांच्या हिशेबाला एक जोड. दर ठरवायला आधीच्या निविदा बघा. महाटेंडर्सवर "निविदा स्थिती" मध्ये उघडलेल्या निविदांत कोण पात्र झालं, कोणाचा दर किती, हे दिसतं. नाशिकसह धुळे, जळगाव, अहिल्यानगरच्या जिल्हा परिषदांच्या अशा दहा-बारा डेस्कच्या निविदा काढून ठेवा, प्रत्येकीत गेज, पोहोचीचं ठिकाण आणि संख्या शेजारी लिहा. ते न लिहिता नुसते दर पाहिलेत तर दिशाभूलच होईल.

पत्रा_पाईप (अंबड)

आभार. उद्यम तपासलं, नोंद उत्पादनाचीच आहे. आधी जेमवर ड्युअल डेस्क आणि कपाट चढवतो, नाशिक विभागाचे सगळे पिनकोड टाकून. १६ आणि १८ गेजचा एकेक नमुना वजन करून दोन वेगळी दरपत्रकं बनवतोय.

लेखाशीर्ष

नमुन्यांचं वजन करताना पावडर कोटिंगच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही नोंदवा, आणि कोटिंगची जाडी मायक्रॉनमध्ये मोजून ठेवा. तपशिलात ती बहुतेक वेळा असते.