मदत हवी आहे: हाफ प्लेटचा जुना लाकडी कॅमेरा दुरुस्त करू की सरळ ४×५ इंची फिल्मचा घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेर तालुक्यातला, पेशाने शिक्षक. फोटोग्राफीचा नाद वीसेक वर्षांचा, पण सगळा डिजिटलवर आणि थोडाफार ३५ मिमी फिल्मवर. मोठ्या फिल्मला कधी हात लावलेला नाही. म्हणून जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडचा एक जुना स्टुडिओ बंद झाला. माझ्या आजी-आजोबांचा जोडीने बसलेला फोटो, आईचा सातवीचा ग्रुप फोटो, सगळं तिथलंच. सामान आवरायला हात लावू म्हणून गेलो, तर स्टुडिओवाल्या काकांनी माळ्यावरून एक पेटी खाली काढायला लावली आणि म्हणाले, "लई जाय भाऊ, आठे वाळवी खाई जाई" (घेऊन जा, इथे वाळवी खाऊन टाकेल). पैसे घ्यायला तयार नव्हते. पेटीत केरळातल्या अलप्पुळाला बनायचा तो वागीश्वरी कॅमेरा निघाला. सागवानी चौकट, पितळी पट्ट्या, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. सोबत पुस्तकासारखे उघडणारे तीन प्लेट होल्डर आणि एक पितळी लेन्स. लेन्सला आतली झडप उघडझाप करायची कडी आहे, शटर मात्र नाही. चित्र जुळवून बघायची मागची दुधी काच कोपऱ्यात तडकलेली.

मला त्यावर काय काढायचंय ते आधी सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. आमच्या भागातली धाब्याची घरं. मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, वर सपाट धाबं आणि त्यावर मिरगाच्या आधी टाकलेली खारी, म्हणजे खारवट पांढरी माती. माझ्या गावात मी लहान असताना आख्खी गल्ली धाब्याची होती, आता सात घरं उरलीत. दोन घरांचे मालक या उन्हाळ्यात स्लॅब टाकणार आहेत. त्यांचं चूक नाही, दरवर्षी गळकं धाबं सांभाळणं किती कष्टाचं असतं ते मी पाहिलंय. पण पाडायच्या आधी त्या घरांचा नीट फोटो निघावा असं मनापासून वाटतं. मोबाइलवर काढून झालेत. त्यात घर दिसतं, भिंतीवरची सारवणाची बोटं दिसत नाहीत.

दुसरी अडचण गल्लीची. रुंदी जेमतेम आठ फूट. घराचा दरवाजा आणि वरची कड एकत्र घ्यायची तर कॅमेरा वर करावा लागतो, आणि मग खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकतात. लाकडी कॅमेऱ्यात मागची चौकट उभी सरळ ठेवून नुसती लेन्सची पाटी वर सरकवता येते, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. या एका गोष्टीसाठी माझा जीव त्यात अडकलाय.

आतापर्यंत केलेली तपासणी अशी. रात्री दिवे घालवून बेलोजमध्ये (लेन्स आणि मागची चौकट जोडणाऱ्या घड्यांच्या पडद्यात) एलईडीचा छोटा दिवा सोडला आणि बाहेरून फिरून पाहिलं. घड्यांच्या कोपऱ्यांवर १९ ठिपके मोजले. लेन्सच्या कडेला बुरशीचं जाळं आहे, मध्यभाग स्वच्छ. होल्डर काचेच्या प्लेटसाठी आहेत, आणि पातळ फिल्म त्यात सैल पडते.

म्हणून विचारतोय: हे सगळं दुरुस्त करण्यात शहाणपण आहे का, की ४×५ चा नवा हलका कॅमेरा, १५० मिमी लेन्स आणि चार होल्डर घ्यावेत? साठ हजारांच्या पुढे मी जाऊ शकत नाही आणि त्यातच फिल्मही बसवायची आहे. मागे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक लेन्स मागवली होती, वर्णनात "काच निर्मळ" लिहिलेलं आणि आत ढगच ढग. परत घेतली नाही. त्यामुळे जुनं सामान न बघता घ्यायची आता हिंमत होत नाही.

फिल्म कोणती, हेही सांगा. आणि शेवटचं, आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, नळाचं पाणीच अंघोळीच्या पाण्यासारखं येतं. अशात घरी डेव्हलप होईल का?

प्रतिसाद १

सर, मी जळगावचा. कॅमेरा मुळीच टाकू नका. हाफ प्लेटची तयार फिल्म बाजारात मिळत नाही हे खरं. इलफर्ड कंपनी वर्षातून एकदा अशा आडमापांच्या ऑर्डर घेतं, पण शिकताना त्या भावाची फिल्म वाया घालवू नका. एक्स-रे फिल्म घ्या. मेडिकल सप्लायवाल्याकडे विचारा, हिरव्या उजेडाला संवेदनशील असलेली मागा. १०×१२ इंचाच्या एका फिल्ममधून हाफ प्लेटचे तीन तुकडे निघतात: १० इंचाच्या बाजूला पावणेपाचाचे दोन शेजारी शेजारी, आणि उरलेल्या साडेपाच इंची पट्टीत तिसरा आडवा. ८×१० मधून दोनच निघतात. आधी कागद कापून बघा आणि चौकटीत बसेल इतपत सूतभर कमी ठेवा.

तिला लाल रंग दिसत नाही, म्हणून गडद लाल दिव्याखाली कापता येते आणि ट्रेमध्ये डोळ्यांसमोर डेव्हलप करता येते. नवशिक्याला याहून मोठी सोय नाही. निगेटिव्ह पांढऱ्यातून काळी होताना स्वतः पाहिलीत की एक्सपोजर कमी पडलं की डेव्हलपिंग, हे पुस्तक न वाचता कळतं. पण लाल दिसत नाही म्हणजे लाल विटा आणि लाल माती काळपट येणार, आकाश पांढरंफटक, आणि माणसांचे चेहरे आहेत त्याहून सावळे. तुमच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना ती छान बसेल, आजीबाईंच्या चेहऱ्याला नाही. दोन्ही बाजूंना उजेड टिपणारा लेप असतो, त्यामुळे ट्रेच्या तळाला घासली की ओरखडा पडलाच. एका वेळी एकच तुकडा, ट्रेच्या तळाला गुळगुळीत काच, आणि नखं कापलेली.

होल्डरचं सोपं आहे. पुस्तकी होल्डरमधली स्प्रिंग काचेला पुढच्या ओठाकडे दाबते. साधी दीड मिमीची काच त्या मापाची कापून आणा, तिच्या पुढे फिल्म ठेवा, म्हणजे फिल्म आपोआप जुन्या प्लेटच्या जागी येते. पेटीत किंवा काकांकडे जुन्या काचेच्या निगेटिव्ह असतील तर कृपा करून त्या यासाठी वापरू नका. त्यांत कुणाकुणाचे पणजोबा असतील.

शटर नाही त्याची काळजी सोडा. एक्स-रे फिल्मचा वेग आयएसओ ५० धरा. सकाळी गल्लीतल्या सावलीत एफ/४५ ला, म्हणजे झडप अगदी बारीक करून, एक ते दोन सेकंद येतात, लेन्सचं टोपण काढायचं नि लावायचं.

प्रतिसाद २

मी धुळ्याहून लिहितेय, आठ वर्षं ४×५ वापरते. दादांचं एक्स-रे फिल्मबद्दलचं म्हणणं पटलं, पण सर, तुमच्याकडे वेळ कमी आहे. दोन घरं या उन्हाळ्यात जाणार म्हणता. १९ भोकांचा बेलोज आणि बुरशी लागलेली लेन्स यांच्यावर ते काम सोडू नका. इंग्लंडच्या इंट्रेपिडसारखा हलका ४×५ आला तर होल्डर, लेन्सपाटी, फिल्म सगळं आजच्या मापाचं मिळतं. मात्र आठ फुटी गल्लीत १५० मिमी उपयोगाची नाही, ९० लागेल. आणि लेन्स घेताना तिचं प्रकाशवर्तुळ, म्हणजे ती आत पाडते ते गोल चित्र, किती मोठं आहे ते विचारा. पाटी वर सरकवली की लहान वर्तुळाच्या लेन्सचे कोपरे काळे होतात, म्हणजे ज्यासाठी कॅमेरा घेतला तेच जमत नाही. शटर कोपल कंपनीचं असलं तर एक सेकंद आणि अर्धा सेकंद कानाने ऐकून तपासा. जुन्या शटरमध्ये संथ वेगच आधी बिघडतात, आणि आपल्याला लागतात तेच.

फिल्म म्हणाल तर शिकायला फोमापॅन १००, पेटीत ५० असतात. पाडायच्या घरांसाठी इलफर्ड एफपी४ प्लस, पेटीत २५. घराच्या आत सान्यातून (धाब्यातल्या झरोक्यातून) येणाऱ्या उजेडात काढाल तेव्हा लक्षात ठेवा, लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते. उजेड मोजायचा मीटर ३० सेकंद म्हणाला तर एफपी४ ला साधारण ७३ द्यावे लागतात. १० म्हणाला तर १८. तसंच जवळून हातांचा वगैरे फोटो घेताना बेलोज ताणला की उजेड कमी होतो. २१० ची लेन्स ३०० मिमीपर्यंत ताणली तर एक्सपोजर दुप्पट करा. हे विसरून मी माझ्या आत्याच्या हातांच्या चार फिल्म घालवल्यात, आणि ते हात आता नाहीत.

उन्हाळ्याचं: फोटो मेमध्ये काढा, डेव्हलप करायची घाई नको. एक्सपोज केलेली फिल्म डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय डबा उघडू नका, नाहीतर दव धरतं. करायचंच झालं तर पहाटे करा. माठातलं पाणी घ्या, ट्रे बर्फाच्या परातीत ठेवा आणि डेव्हलपर २० ते २२ अंशांवर आणा. नुसता डेव्हलपर थंड करून भागत नाही, फिक्सर आणि धुवायचं पाणीही त्याच्या जवळपास हवं. गार आणि कढत असा झटका बसला तर लेप सुरकुततो. सुकवायला न्हाणीघर बरं. आधी गरम पाण्याची बादली ओतून धूळ बसवा, मग फिल्म टांगा आणि सकाळपर्यंत दार उघडू नका.

दोघांनाही एक सांगावंसं वाटतं. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, स्टेशनजवळ. आयुष्याची कित्येक वर्षं तो माणूस घराबाहेर जवळजवळ पडला नाही आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून देखावे उभे करत राहिला. शांतपणे मांडणं आणि थांबणं तिथे पाहायला मिळतं. एक रविवार काढून जा.

मूळ लेखकाचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनी

ताई, दादा, मनापासून आभार. दोघांचंही ऐकलं. ४×५ साठी पैसे बाजूला ठेवलेत, ९० ची लेन्स नाशिकला एकांकडे आहे, ती प्रत्यक्ष जाऊन बघणार आहे. तोवर वागीश्वरी हातात घेतला. बेलोजच्या भोकांना आतून काळं कापड आणि फेव्हिकॉलचा पातळ हात दिला. दुधी काच घरीच केली. साध्या काचेवर ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून दुसऱ्या काचेने पाऊण तास गोल गोल घासली. खरबरीत बाजू लेन्सकडे ठेवायची हे आधी चुकलो होतो, दोन फोटो त्यात मऊ आले.

तिसरा परवा सकाळी साडेसातला काढला, शेजारच्या काकूंच्या घराचा दरवाजा, एफ/४५, दोन सेकंद. लाल दिव्यात आधी कडी उमटली, मग कडीखालची लाकडावरची अर्धगोल झीज. साठ-सत्तर वर्षं कडी आपटून पडलेली ती खूण मी त्या घरात लहानपणापासून जात असून कधी पाहिली नव्हती. काकूंना ओली निगेटिव्हच दाखवली. बराच वेळ बघत होत्या, मग त्यांनी स्वतः उठून तो दरवाजा पुसला.

आता एकच अडचण. तिन्ही निगेटिव्हवर डाव्या कडेला दीड सेंटिमीटरचा काळा पट्टा आहे, वर रुंद आणि खाली निमुळता. एकाच होल्डरच्या तीन फिल्म आहेत. बिजागरीच्या बाजूने उजेड शिरत असावा असं वाटतं, पण होल्डरची झाकणपट्टी ओढताना वरच्या फटीतूनही शिरत असेल. बिजागरीवर मखमलीची पट्टी लावू की आधी दुसऱ्या होल्डरमध्ये तपासू? स्लॅबचं काम अक्षयतृतीयेनंतर सुरू होतंय.