मदत हवी आहे: भाऊ प्रश्न टाळतो, मी चघळतो. झोप दोघांची उडालीय

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातला आहे, केळीवाला. यंदा जुलैच्या लागवडीवर हरण्या रोग आला. ज्यांची केळी आहे त्यांना सांगायला नको: या व्हायरसवर औषध नाही, मावा कीड तो पसरवते, रोग दिसला की रोप उपटून नष्ट करायचं. आम्ही दीड हजार उपटली.

तेव्हापासून मोठा भाऊ (आबा) मळ्यात पाय ठेवत नाही. सोसायटीच्या कर्जाचा विषय काढला की "पाहू ना भो" म्हणतो आणि पारावर जाऊन बसतो. जेवण निम्म्यावर आलंय.

मी उलटा. रात्री दोनला वही काढतो. पुन्हा लावली तर किती, नाही लावली तर किती. तीच बेरीज, तोच आकडा. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला. बायको म्हणते, तुम्ही प्रश्न सोडवत नाही, रवंथ करता. खरंच असं असतं का? आणि आबाला कसं बोलतं करू?

प्रतिसाद १
भाऊ, मी समुपदेशन करते, माहेर यावलचं. वहिनी बरोबर बोलल्या. डी'झुरिला आणि नेझू या मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न हाताळायच्या तऱ्हा मांडल्या: पद्धतशीर, उतावळी आणि टाळाटाळीची. शिवाय 'हे आपल्याच्यानं होणार नाही' ही धास्ती वेगळी. ती मनात बसली की एक जण पळतो, दुसरा वही उघडतो. म्हणून तुमची वही पद्धतशीर दिसते, पण निर्णय एकही होत नाही.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये ताण पेलण्याबद्दल लिहिलेलं इथं लागू पडतं. गेलेली रोपं परत येत नाहीत, तिथं फक्त मनाला सावरायचं. फेरलागवड, कर्जाची मुदत हे हातात आहे, तिथं काम करायचं. वही संध्याकाळी अर्धा तास, आणि रोज एक तरी गोष्ट ठरवूनच मिटायची.

आबांना 'आता काय करायचं?' असं विचारू नका, दडपतील. एक बारकं काम सांगा. मात्र 'जगून काय करायचं' असलं काही बोलले तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे: 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

धागाकर्ता
धन्यवाद ताई. सकाळी आबाला म्हटलं, रोपवाटिकेत फक्त भाव विचारशील का? "पाहू ना भो" म्हणाला. पण नंबर मागून घेतला.