लगूनच्या गाळात कॅडमियम: जोखीम ‘उच्च’ धरायची का?

खारवट:
लगूनच्या (समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवराच्या) तळातल्या वरच्या 5 सेंमी गाळाचे निकाल (कोरडं वजन, मिग्रॅ/किलो): कॅडमियम 0.9, शिसं 38, निकेल 44. अहवालात भूकवचाची सरासरी (कॅडमियम 0.09) पार्श्वभूमी (मूळ नैसर्गिक पातळी) धरून हाकनसनच्या जोखीम-निर्देशांकाच्या पद्धतीनं कॅडमियमची जोखीम 300, म्हणजे ‘उच्च’ काढली आहे. पण ईआरएल (ज्या पातळीखाली जिवांवर दुष्परिणाम क्वचितच दिसतात ती) 1.2 आहे, म्हणजे कॅडमियम त्याच्या आतच. उलट निकेल ईआरएलच्या (20.9) दुपटीवर, आणि त्याबद्दल अवाक्षर नाही. इथला गाळ उपसायचा आहे. कशावर विसंबायचं?

मृण्मय:
300 हा आकडा पार्श्वभूमीच्या निवडीतून आलाय. 0.9 भागिले 0.09 म्हणजे 10, गुणिले कॅडमियमचा विषारीपणाचा गुणांक 30. सरासरी शेलचं (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचं) 0.3 धरलंत तर 90 येईल. गाळ तोच, वर्ग बदलला! म्हणून पार्श्वभूमी तिथलीच हवी: गाळाचा उभा कोअर (नळीनं काढलेला सलग नमुना) काढा, किरणोत्सारी शिसं-210 वरून थरांचं वय ठरवा आणि औद्योगिक काळाआधीचा थर घ्या. निव्वळ सर्वांत खालचा थर ‘स्वच्छ’ मानू नका. तो वाळूचा असेल तर धातू कमी दिसणारच, कारण ते बारीक कणांना धरून असतात. अ‍ॅल्युमिनियम बारीक कणांचं प्रमाण दाखवतं, त्यासाठी प्रत्येक थरात धातूचं त्याच्याशी गुणोत्तर काढा. मात्र अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) सिलिकेटं पुरती विरघळत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचं एकूण प्रमाण हवं तर हायड्रोफ्लुओरिक आम्लाचं पचन (त्यात नमुना पूर्ण विरघळवणं) लागतं.

निकेलबद्दल: भूकवचाची सरासरीच सुमारे 47 आहे, म्हणजे ईआरएलपेक्षा जास्त. 44 नैसर्गिक असू शकतं, कोअरच सांगेल.

तळगाळ:
उपसा होणार असेल तर एकूण प्रमाणापेक्षा धातू कशाला बांधलेला आहे हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काळ्या, प्राणवायूविरहित गाळात कॅडमियम, जस्त, शिसं सल्फाइडच्या रूपात अडकलेले असतात. थंड 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लानं सुटणारं सल्फाइड (एव्हीएस) आणि त्याच वेळी सुटणारे धातू (एसईएम) मोजा, दोन्ही मोलमध्ये. एसईएम एव्हीएसपेक्षा कमी भरलं तर या धातूंमुळे तळातल्या जिवांवर विषारी परिणाम होण्याची शक्यता कमी.

पण ही हमी गाळ जागेवर असेपर्यंतच. उपसताना सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं. सुटलेलं शिसं लोहाच्या नव्या ऑक्साइडवर बऱ्यापैकी परत चिकटतं. कॅडमियम मात्र खाऱ्या पाण्यात क्लोराइडशी संयुगं करून विरघळलेलंच राहतं. तुमच्या यादीत मला काळजी त्याचीच वाटते.

खारवट:
भट्टीत 105 अंशांवर वाळवलेले नमुने शिल्लक आहेत. एव्हीएस त्यांतून निघेल?

तळगाळ:
नाही, वाळवतानाच ते गेलं. आकडा खोटा कमी येईल आणि धोका नसतानाही दिसेल. पाऱ्यासाठीही ते वापरू नका, तो उष्णतेनं उडतो. नवा नमुना बरणीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, 4 अंशांवर ठेवा, 14 दिवसांच्या आत तपासा आणि नायट्रोजनखालीच उघडा.

सोबत उपशासाठी एल्युट्रिएट चाचणी (गाळ ढवळल्यावर पाण्यात काय सुटतं ते पाहणारी) करा: आकारमानानं 1 भाग ओला गाळ, 4 भाग लगूनचंच पाणी, 30 मिनिटं ढवळणं, तासभर निवळू देणं. वरचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून कॅडमियम मोजा. कोरं लगूनचं पाणीही त्याच गाळणीतून काढा, नाहीतर वाढ गाळातून आली की पाण्यात आधीपासून होती, हे कळणार नाही.