सगळी भाकितं पुरी झाली म्हणता? मग सोर शहराचं काय?

खानापूरकर
ख्रिस्ती बांधवांच्या ग्रुपवर काल एकानं लिहिलं: "पवित्र शास्त्रातलं एकूण एक भाकीत पुरं झालंय. यहेज्केल संदेष्ट्यानं सांगितल्याप्रमाणं सोर ओसाड खडक झालं, सोर परत वसलंच नाही. आता तरी विश्वास ठेवा." मी दर रविवारी उपासनेला असतो, म्हणूनच हे जास्त झोंबलं. सोर आज लेबनानात आहे, तिथं माणसं राहतात. लांब कशाला, प्रेषितांची कृत्ये 21 उघडा. प्रेषित पौल सोरेला उतरला आणि शिष्यांकडं सात दिवस राहिला. ओसाड खडकावर शिष्य कुठनं आले? यहेज्केल 29 मध्ये तर सरळ लिहिलंय, सोरेला वेढा घालणाऱ्या बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण सोरेकडनं मजुरी मिळाली नाही. शास्त्र स्वतः लपवत नाही ते आपण का लपवायचं?

कॅम्पवासी
ती पोस्ट माझी. तुम्ही अर्धंच वाचलंय. यहेज्केल 26:12 बघा, दगड, लाकूड, माती पाण्यात टाकतील. इ.स.पू. 332 मध्ये शिकंदरानं किनाऱ्यावरच्या जुन्या सोरेचा राडारोडा समुद्रात लोटून बेटावरच्या सोरेपर्यंत वाट बांधली. यहेज्केलाला हे कुणी सांगितलं? आणि शास्त्र भरवशाचं नाही म्हणणाऱ्यांनी मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेतली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी बघावी. 1947 साली सापडली. त्याआधी हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षं जुनी, तरी ग्रंथ तोच.

खानापूरकर
किरकोळ फरक भरपूर आहेत, पण नक्कल इमानानं झाली हे मानतो. मात्र नक्कल चोख म्हणून भाकीतही खरं, हे कुठलं गणित? आणि 26:14 मधलं 'पुन्हा बांधली जाणार नाहीस' त्याचं काय? त्याला उत्तर द्या.

निपाणीची लेक
तुमचा शिकंदर राहू दे बाजूला. माझ्या आत्याला एका प्रार्थनासभेत संदेष्टा म्हणवणाऱ्यानं सांगितलं, "तुझी साखर गेली, गोळ्या बंद कर." तिनं केल्या. पायाला जखम झाली, चिघळली, शेवटी दोन बोटं काढावी लागली. ड्रेसिंग मी करत होते. शास्त्रातल्या 'अनुवाद' पुस्तकातलं 18:22 तिथं कुणालाच आठवलं नाही. बोललेलं घडलं नाही तर तो शब्द परमेश्वराचा नाही, इतकं स्पष्ट आहे की हो!

कॅम्पवासी
ताई, वाईट वाटलं. पण त्या भोंदूचा यहेज्केलाशी काय संबंध?

निपाणीची लेक
आहे संबंध. "एकूण एक खरं ठरलं, प्रश्न विचारू नका" हे तुमच्यासारखे शिकलेले शिकवतात. त्याच सवयीवर त्याचं पोट भरतं.

शहापूरकर
भोंदू का माजले ते मी सांगतो. आमच्याकडं मराठी उपासना बंद करून कन्नडमध्ये मिसळली. म्हाताऱ्यांना उपदेश कळत नाही, पोरं इंग्लिश मीडियमची, त्यांना मराठी शास्त्र वाचता येत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं भाषांतर केलं, ते आमच्या कपाटात धूळ खातंय. वाचणारा उरला नाही की जो माईक धरेल तोच संदेष्टा.

गोकाकचा
आला का सीमाप्रश्न इथंही! माझ्या घरात दोन्ही भाषा आहेत. मराठी उपासनेला मोजकी डोकी उरली होती, तेव्हा तुम्ही कुठं होता? कन्नडवाल्यांनी जागा दिली ते विसरू नका.

शहापूरकर
जागा दिली? त्या देवळाच्या कौलांना माझ्या आजोबांनी वर्गणी दिलीय! उपकाराची भाषा नको.

खानापूरकर
अहो, सोरेवर बोला.

कॅम्पवासी
बरं. "सोर परत वसलंच नाही" हे काढून टाकतो, प्रेषितांची कृत्ये 21 पुढं माझ्याकडं उत्तर नाही. पण शिकंदराची वाट मी सोडणार नाही, आणि विश्वासही. आणि ताई, अनुवाद 18:22 पुढच्या बायबल अभ्यासाला मी स्वतः घेतो.

शहापूरकर
कुठल्या भाषेत घेणार, ते आधी सांगा.