सकाळी सगळ्या साइट लाल, अकराला आपोआप बऱ्या. वर मेलमध्ये ‘व्हायरस’. फॉरमॅट मारू का?

पत्रिकावाली_कराड
नमस्कार. कराडात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, श्रद्धांजलीचे फलक असलं काम. तुळशीची लग्नं लागली, पत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि नेमका आत्ताच कॉम्प्युटर रुसलाय. तीन तक्रारी आहेत. तिन्ही एकाच आजाराच्या वाटतात म्हणून एकत्रच लिहिते.

पहिली. सकाळी क्रोम चालू केलं की कुठलीही साइट उघडा, धोक्याचं पान. जीमेल नाही, यूट्यूब नाही, पेपरची साइट नाही. खाली बारीक अक्षरात ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’. आणि अकराच्या सुमाराला आपोआप सगळं बरं होतं! मंगळवारी मात्र दिवसभर झालंच नाही.

दुसरी. उजव्या कोपऱ्यात दर पाच-दहा मिनिटांनी चौकट उठते, ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’. शेजारी एका नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चिन्ह. तो मी कधी घेतलेलाच नाही, माझ्याकडं आहे तो वेगळाच. गिऱ्हाईक समोर बसलेलं, पत्रिकेवर गणपती कुठला घ्यायचा ते ठरतंय, आणि मध्येच ही चौकट. लोक खुर्ची मागं सरकवतात हो.

तिसरी. साताऱ्याच्या प्रेसला फाइल झिप करून मेल केली, ती परत आली. सुरक्षेला धोका होऊ शकतो म्हणून अडवली, असं इंग्रजीत लिहिलंय. प्रेसवाले म्हणाले, “वहिनी, तुमच्या मशिनीत व्हायरस शिरलाय, पेनड्राइव्ह पण आणू नका.”

इथल्या दुरुस्तीवाल्यानं मशीन न उघडताच सांगितलं, फॉरमॅट, ८०० रुपये. पैशाचं एक वेळ सोडा. पण विंडोज ७ आहे, पत्रिका आखायचं जुनं कोरल आहे, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची सीडी कुठं गेली देव जाणे. १२ वर्षांच्या पत्रिका आहेत त्यात. थोरलीची पत्रिका ज्या फाइलीत केली, त्याच फाइलीत नावं बदलून धाकटीची होते. काय करू?

सोलापुरी_चादर
एखादा फ्री क्लीनर टाका ना. नेटवर ढिगानं आहेत. सगळा कचरा एका क्लिकमध्ये साफ.

खटपट्या
चादरभाऊ, नको. व्हायरसच्या भीतीनं अनोळखी क्लीनर टाकायचा म्हणजे चोराच्या भीतीनं किल्ली रस्त्यावरच्या माणसाकडं द्यायची.

ताई, फॉरमॅट थांबवा. आधी एवढं बघून सांगा. धोक्याचं पान येतं तेव्हा खालचं घड्याळ काय दाखवतं, तारखेसकट? मशीन चालू करताना काळ्या पडद्यावर काही दाबावं लागतं का? आणि त्या झिपमध्ये नेमकं काय काय होतं?

पत्रिकावाली_कराड
अहो, तुम्ही दुकानात येऊन गेलात की काय?

एफ वन दाबावं लागतं. दिवाळीपासून. मला वाटलं, जुन्या मशिनीचं तसं असतंच. आज सकाळी घड्याळ मुद्दाम पाहिलं: १ जानेवारी २०१०, रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या धोक्याच्या पानावर वर मोठ्या अक्षरात ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असंच लिहिलेलं आहे. मी इतके दिवस फक्त लाल रंग बघत होते.

अकराचं कोडंही सुटलं. आमच्याकडं कामाला पोरगा येतो साडेदहाला. आल्या आल्या आदल्या दिवशीची राहिलेली बिलं छापतो. बिलावर २०१० येतं म्हणून तो रोज स्वतःच घड्याळ लावतो. मंगळवारी तो मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेला होता. मला बोलला का नाहीस म्हटलं, तर म्हणे, “त्यात सांगायचं काय?”

झिपमध्ये कोरलची फाइल आणि फॉन्टचं अख्खं फोल्डर.

खटपट्या
पोरगा कामाचा आहे, फक्त बोलत नाही.

तुमचा पहिला ‘व्हायरस’ तीस-चाळीस रुपयांना मिळतो. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, सीआर २०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. मशीन बंद असताना घड्याळ तीच चालवते. प्लग चालू ठेवला की आत थोडा करंट राहतो आणि बॅटरीला काम पडत नाही. तुम्ही बहुतेक दिवाळीपासून रात्री भिंतीवरचं बटण बंद करायला लागला असाल.

आता साइट लाल का होतात ते. प्रत्येक सुरक्षित साइटकडं एक प्रमाणपत्र असतं, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते तुमच्या मशिनीच्या घड्याळाशी ताडून बघतो. १ सप्टेंबर २०२० पासून नवं प्रमाणपत्र ३९८ दिवसांहून जास्त मुदतीचं चालत नाही, आणि ही मुदत टप्प्याटप्प्यानं आणखी कमी होत चाललीय. म्हणजे २०१० सालात बसून बघितलं तर आजचं एकही प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नाही. ब्राउझर बिचारा खरं तेच सांगतोय. विंडोज इंटरनेटवरून वेळ आणतं खरं, पण फरक १५ तासांच्या वर गेला की घरच्या मशिनीवर ते हात वर करतं. इथं तर अख्खी वर्षंच्या वर्षं आहेत.

बदलताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा. बॅटरीशेजारची बारीक क्लिप नखानं बाजूला केली की ती टुणकन वर येते. नवी बसवताना अधिकची खूण वर. मग बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पानात, फक्त तारीख आणि वेळ लावून सेव्ह करा, बाकी कशाला हात लावू नका.

कोपऱ्यातली चौकट व्हायरसची नाही, अँटिव्हायरसची तर नाहीच. कधीतरी एखाद्या साइटनं ‘तुम्ही रोबो नाही ना, मग अलाउ दाबा’ म्हटलं असेल आणि तुम्ही दाबलं असेल. ती नोटिफिकेशनची परवानगी होती. चौकटीवर क्लिक अजिबात करू नका, त्यात बारीक अक्षरात साइटचं नाव असतं ते तेवढं टिपून घ्या. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. अलाउच्या यादीतून ते नाव काढून टाका. नंतर तुमच्याकडचा खरा अँटिव्हायरस स्वतः उघडून एक पूर्ण स्कॅन करा, म्हणजे मनात किंतु राहायला नको.

मेलचं सोपं आहे. जीमेल ‘ईएक्सई’ फाइल, म्हणजे प्रोग्रॅम किंवा त्याचा सेटअप, घेत नाही, झिपमध्ये घातली तरी नाही. २०१७ पासून ‘जेएस’ (जावास्क्रिप्ट) फाइलही नाही. आत व्हायरस आहे की नाही हा प्रश्नच तिथं येत नाही, फाइलीचा प्रकार बघूनच मेल परत. फॉन्टच्या फोल्डरमध्ये एखादा सेटअप पडलेला असेल. तसंही प्रेसला फॉन्ट कशाला पाठवता? अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून, पीडीएफ द्या.

ठिगळ
खटपट्यांना अनुमोदन, पण एक गोष्ट राहिली. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यावर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही, म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. कोरल आणि टायपिंगसाठी मशीन खुशाल ठेवा, पण बँक आणि जीएसटी त्यावर नको. पत्रिकांची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर आजच घ्या, बॅटरीच्याही आधी.

आमच्या सासऱ्यांच्या पडद्यावर एकदा सगळा पडदा व्यापून ‘मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’ आलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. त्यांनी केला फोन! समोरच्यानं मशीन लांबून हाताळायला मागितलं तेव्हा सासूबाईंनी वायफायची पिनच उपटली. पैसे गेले नाहीत, गेले असते तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करावा लागला असता. असलं पान आलं तर एस्केप दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

पत्रिकावाली_कराड
झालं! आधी बारा वर्षांचा सगळा माल हार्डडिस्कवर घेतला, रात्रीचा एक वाजला. बॅटरी शेजारच्या घड्याळवाल्याकडं मिळाली, ४० रुपये. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर पत्रिकांची सोनेरी चमकी बसलेली, नुसता गौरीचा मखर. बटणाचंही बरोबर ओळखलंत, दिवाळीत पलीकडच्या दुकानात शॉर्ट सर्किट झालं तेव्हापासून मी रात्री बोर्ड बंद करते.

चौकटीतली साइट सापडली. मागं कलश आणि केळीचे खुंट फुकट उतरवून घेतले होते तिथली. यादीत तिच्या जोडीला आणखी चार बहिणी निघाल्या, पाचीजणींना काढलं. स्कॅनमध्ये काही नाही. फॉन्टच्या फोल्डरमध्ये टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा सेटअप होता, म्हणजे हरवलेली सीडी इतके दिवस तिथंच होती! आणि कर्व्ह करून पाठवा हे मीच दुसऱ्यांना सांगत असते, त्यामुळं यावर जास्त बोलत नाही.

आज सकाळी सवयीनं एफ वनवर बोट ठेवून बसले होते. काही विचारलंच नाही, सरळ विंडोज आलं. साडेदहाला पोरगा आला, खाली कोपऱ्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि न बोलता झाडू घेतला.