'ॲट्रॉसिटी' म्हणजे झालेला अत्याचार की घातलेली केस?

कोरांटी :
नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्यातल्या बचत गटांसाठी कायद्यांची सोपी पुस्तिका लिहितेय आणि एका शब्दाशी अडलेय. 'अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, १९८९' एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे ॲट्रॉसिटीच म्हणतात. नुसतं अत्याचार लिहावं तर पेपरवाल्यांनी तो शब्द बलात्कारासाठी इतका वापरलाय की बायकांना वाटतं हा फक्त त्याचाच कायदा. शिवाय एका मुलीने विचारलं, हेट क्राइम म्हणजे हेच का? त्याला द्वेषगुन्हा म्हणायचं तर तो शब्द मी बोलण्यात कधी ऐकला नाही. काय लिहू?

निळंभोर :
ताई, ॲट्रॉसिटीच ठेवा, लोकांच्या तोंडात तोच आहे. पण त्याला क्रियापद कुठलं लागतं ते बघा, सगळी गोम तिथे आहे. 'ॲट्रॉसिटी लावली', 'टाकली', 'ठोकली', आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी केली'. म्हणजे बघा, ज्याला भर चौकात जातीवरून शिव्या घातल्या, ज्याच्या पाण्यात घाण टाकली, तो तक्रार द्यायला गेला की वाक्यात तोच 'करणारा' होतो आणि ज्याने हे केलं त्याला 'माझ्यावर' म्हणायला मिळतं. कायद्यात ॲट्रॉसिटी म्हणजे ती शिवी, ते पाणी नासवणं, ती मारहाण. आपल्या बोलण्यात मात्र ती पोलिसातली केस झाली आणि मूळ जे घडलं ते वाक्यातून गायबच झालं. मला हे फार लागतं, कारण आमच्या वस्तीवरची माणसंसुद्धा आता असंच बोलतात, 'ॲट्रॉसिटी करू का' म्हणून विचारतात.

२० मार्च २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर 'गैरवापर' हा शब्द याला अजूनच चिकटला. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं, निकालात म्हटलं होतं की गुन्हा नोंदवायच्या आधी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेला वरिष्ठांची मंजुरी लागेल. मग २ एप्रिलला भारत बंद झाला, ऑगस्टमधे संसदेने कलम १८-अ घालून या अटी काढल्या आणि फेब्रुवारी २०२० मधे सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. निकालाची चर्चा गावोगाव झाली, दुरुस्तीची तेवढी झाली नाही, म्हणून अजूनही 'आधी चौकशी होऊ दे' हे वाक्य ऐकू येतं. पुस्तिकेत हे जरूर घ्या.

खडीवाट :
हेट क्राइमचं सांगतो. द्वेषगुन्हा किंवा द्वेषमूलक गुन्हा लिहिलं तरी चालेल पण ॲट्रॉसिटी आणि तो एकच असं लिहू नका. हेट क्राइममधे करणाऱ्याच्या मनातला द्वेष किंवा आकस बघतात, आणि मनातलं सिद्ध करणं किती अवघड असतं ते आपण खैरलांजीत बघितलंय. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एकाच दलित कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं, २००८ मधे खालच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं पण ॲट्रॉसिटीचं कलम लागलंच नाही, आणि २०१० मधे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही ते लावलं नाही. आख्ख्या महाराष्ट्राला ते जातीचं हत्याकांड वाटत होतं आणि निकालात ते साधे खून ठरले. तेव्हा गंभीर गुन्ह्यांच्या कलमात शब्द होते 'त्या जातीची आहे या कारणावरून'. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे 'त्या जातीची आहे हे माहीत असून' असं केलं, ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गावात कोण कुठल्या जातीचं हे माहीत नसतं असं होतं का कुठे? त्यामुळे या बदलाचं मोल मोठं आहे. चपलांचा हार घालणं, मिशी भादरणं, सामाजिक बहिष्कार टाकणं हेही त्याच दुरुस्तीने नाव घेऊन आत आलं.

सागवान :
बहिष्कारावरून, आमच्या रायगडात त्याला वाळीत टाकणं म्हणतात आणि ते गावकी करते, बऱ्याचदा स्वतःच्याच जातीतल्या घराला. ते ॲट्रॉसिटीत बसत नाही, त्याला महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वेगळ्या पानावर द्या.

कोरांटी :
सगळ्यांचे आभार. मग मी 'ॲट्रॉसिटी झाली' आणि 'ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला' अशी दोनच रूपं ठेवते, लावली-टाकली नाहीच. आणि कुणी काय केलं ते प्रत्येक उदाहरणात आधी लिहिते.

निळंभोर :
बरोबर. 'एनसी' पण समजावून सांगा ताई. ठाण्यात बरेचदा एनसी घेऊन कागद हातात देतात आणि बाईला वाटतं तक्रार झाली. एनसी म्हणजे अदखलपात्र, ॲट्रॉसिटीचे गुन्हे दखलपात्र आहेत, त्याचा एफआयआरच व्हायला हवा आणि तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालचा अधिकारी करू शकत नाही. जाणूनबुजून नोंद न घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम ४ आहे, सहा महिने ते एक वर्ष कैद, फक्त तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हे कलम लागत नाही. आणि 'पैसे मिळतात' असं लिहू नका, शासनाचा शब्द अर्थसहाय्य आहे, ते गुन्ह्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने येतं, त्यातला काही भाग एफआयआरच्या टप्प्यालाच द्यायचा असतो. बाकी समाजकल्याणच्या जिल्हा ऑफिसात विचारायला सांगा.